नाळ आणि नाकाड

साल 1659. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उल्हासच्या खाडीत भरतीचं पाणी चढू लागलं आहे आणि तुम्ही काठावरच्या गाळात उभे आहात. एका जागी जरा रेंगाळलात तरी घोटे आत जातात, म्हणून चालत राहा. हवेत ओल्या सागवानाचा वास आहे, तापलेल्या राळेचा आहे, आणि या दोन्हींवर मात करणारा माशाच्या तेलाचा वास आहे. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, यकृताचं तेल नावेच्या लाकडाला चोपडायची आपल्या किनाऱ्यावरची रीत जुनी. हाताला लागलं की दोन दिवस जात नाही.

दोनच वर्षांपूर्वी, 1657 च्या ऑक्टोबरात, शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीवर जहाजं बांधायला सुरुवात झाली. कामावर आपले सुतार आहेत, तसे वसईकडून आलेले पोर्तुगीज कारागीरही आहेत. त्यांचा म्होरक्या रुई लैतांव व्हियेगस. हे लोक इथं फार दिवस राहणार नाहीत. या आरमाराचा रोख एक दिवस आपल्याकडे वळेल हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना कळलं आहे आणि ते आपल्या माणसांना गुपचूप परत बोलावून घेतील. जहाजं मात्र थांबणार नाहीत. आज तुमच्यासमोर एका गलबताचा सांगाडा उभा आहे. खाली पठाण, म्हणजे नावेचा कणा, आणि तिच्या पुढच्या टोकाला वर चढत गेलेली नाळ.

त्या नाळेवर हात ठेवा. दोन्ही बाजूंच्या फळ्या एका धारेत येऊन मिळतात आणि ती धार पुढे झुकत जाते. ती इतकी निमुळती का, याला कारण आहे. नाव अर्धी पाण्यात असते, अर्धी हवेत. ती पुढे सरकते तेव्हा पुढ्यातल्या पाण्याला वरची वाट मोकळी असते. पाणी वर उचललं जातं, त्याची लाट होते, आणि ती लाट उठवायला लागणारं बळ शिडाच्या आणि वल्ह्यांच्या कमाईतून जातं. नाळ निमुळती केली की लाट लहान उठते. कारागिराला हे गणितानं ठाऊक नसतं. आधीची नाव कशी चालली हे बघून पुढच्या नावेची धार ठरते, आणि असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

तेवढ्यात खाडीच्या मुखाकडून आलेली एक होडी काठाला लागते. म्हातारा कोळी टोपली उतरवतो. डोल जाळ्यात सापडलेला जवळा आहे, बोंबील आहेत, आणि वर हातभर लांबीच्या चार-पाच करड्या मुशी. तुम्ही एक उचलता. अंग सडसडीत, पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. आणि डोकं? नाळेसारखी धार कुठेच नाही. लांब, रुंद, वरून-खालून दाबलेलं, थेट गवंड्याच्या थापीसारखं. तोंड खाली, टोकापासून बरंच मागे. डोळे बारीक.

"काय बगतंस, बाला?" म्हातारा विचारतो. "ही मोठी व्हत नाय. डोका बग हिचा, चपटा. चिखलावर फिराचा त असाच डोका पायजे."

त्याचं म्हणणं लक्षात ठेवा, ते पुन्हा लागेल. आणि एक प्रश्न सोबत घ्या. नाळ आणि मुशी, दोघींना हेच पाणी कापत जायचं आहे. मग एकीचं टोक धारेचं आणि दुसरीचं पसरट का?

याचं उत्तर काठावरून दिसणार नाही. खाली उतरा. साल सोडून द्या, कारण अंगावरून पाणी वाहण्याची रीत 1659 मध्ये आणि आज एकच आहे. वावभर खोलीवरच उजेड संपतो, उरतो तो तपकिरी धूसर गढूळपणा. हाताचा पंजा डोळ्यासमोर धरला तरी बोटं मोजता येत नाहीत. या अंधारात एक जिवंत मुशी तुमच्या दिशेनं येते आहे. तिच्या नाकाडाच्या अगदी टोकासमोर राहा आणि पाण्याचं काय होतं ते बघा.

टोकावर येऊन पाणी थांबतं. त्या एका बिंदूशी त्याचा वेग शून्य होतो आणि दाब सर्वांत जास्त असतो. तिथून ते फाटतं. काही वरून जातं, काही खालून, थोडं दोन्ही कडांवरून. डोक्याच्या फुगवट्यावरून जाताना पाण्याला घाई होते, वेग वाढतो, दाब उतरतो. कल्ल्यांच्या फटी ओलांडल्या की शरीर हळूहळू निमुळतं होऊ लागतं, पाण्याचा वेग पुन्हा कमी होतो, दाब भरून येतो. पाण्याची आणि माशाची खरी परीक्षा इथं आहे. मागचा उतार सावकाश असेल तर पाणी अंगाला धरून शेपटीपर्यंत जातं. उतार एकदम असेल तर ते अंग सोडतं, मागे भोवरे पडतात, तिथं दाब कमी होतो आणि तो कमी दाब माशाला मागे ओढत राहतो.

म्हणजे पूर्णपणे पाण्याखाली असलेल्या वस्तूचं पुढचं टोक गोलसर किंवा बोथट असलं तरी फारसं बिघडत नाही. लाट उठवायचा प्रश्न तिथं नाही, कारण पृष्ठभाग दूर आहे. नुकसान होतं ते अंगावर पाणी घासल्यामुळे आणि मागच्या बाजूच्या भोवऱ्यांमुळे. शाळेपासून आपल्या मनात बसलेलं असतं की टोकदार ते वेगवान. पाण्यावर ते खरं आहे. पाण्याखाली वेगाचा मुख्य हिशेब शेपटीकडच्या बाजूला होतो, आणि त्यामुळे डोकं दुसऱ्या कामांसाठी मोकळं राहतं. माझ्या मते मुशीच्या शरीरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. पुढच्या आकाराला मिळालेली ही मोकळीक प्रत्येक जातीनं वेगळ्या तऱ्हेनं वापरली.

आता तुमच्यासमोरच्या थापीडोक्या मुशीनं ती कशी वापरली ते बघा. पोहताना तिचं डोकं सतत डावीकडे-उजवीकडे हलतं, कारण शेपटीचा प्रत्येक फटकारा डोक्याला उलट बाजूला ढकलतो. डोकं उभट असतं तर या हलण्याला पाण्यानं मोठा अडथळा केला असता. चपटं डोकं आडवं सरकताना कडेनं पाणी चिरतं आणि सहज वळतं. वर-खाली मात्र नेमकं उलट. मुशीनं नाकाड किंचित उचललं की रुंद खालच्या बाजूवर पाणी आपटतं आणि डोकं वर ढकललं जातं. किंचित झुकवलं की खाली. शार्कना इतर बहुतेक माशांसारखी हवेची पिशवी नसते. तेलानं भरलेलं यकृत थोडं तारतं, पण पोहणं थांबलं की बहुतेक जाती बुडू लागतात. अंगाचा कल किती ठेवायचा यावर त्यांचं पाण्यातलं स्थान ठरतं. तळाच्या चिखलाला न घासता, त्याच्या चार बोटं वरून सरकत जायचं असेल तर असं पसरट नाकाड फार कामाचं.

याच डोक्यावरून आणखी दोन प्रवाह चालले आहेत. एक तोंडातून आत जाऊन कल्ल्यांच्या फटींतून बाहेर पडणारा, श्वासाचा. दुसरा नाकपुड्यांतला. नाकपुड्या नाकाडाच्या खालच्या बाजूला आहेत आणि त्यांचा घशाशी काही संबंध नाही. मुशी पुढे सरकते म्हणून पाणी एका बाजूनं आत शिरतं, वासाच्या पापुद्र्यांवरून जातं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं. म्हणजे तिचं पोहणंच तिचं हुंगणं आहे. डोकं डावी-उजवीकडे झुलतं तेव्हा प्रत्येक झोक्यात ती दोन्ही बाजूंचं पाणी तपासत असते. या गढूळ खाडीत डोळे बारीक राहिले तर नवल नाही.

इथून थोडं मागे चला, 20 हजार वर्षं. पाणी तुमच्या अंगावरून ओसरून जातं आणि तुम्ही कोरड्या जमिनीवर उभे राहता. हिमयुग ऐन भरात आहे आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली गेला आहे. खाडी नाहीच. उल्हास नदी गोड्या पाण्याची आहे आणि आजच्या मुंबईच्याही पलीकडे, दूर पश्चिमेला समुद्राला मिळते आहे. आणखी मागे, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, इथं उभं राहायलाही जागा नाही. सगळीकडे लाव्हा आहे, ज्याचा पुढे दख्खनचा काळा खडक झाला. पण समुद्रात तेव्हाही शार्क आहेत. त्यांचा इतिहास 40 कोटी वर्षांहून मोठा आहे.

आता म्हाताऱ्याचं वाक्य आठवा. चिखलावर फिरायला असंच डोकं हवं, हे त्याचं निरीक्षण बरोबर होतं. पण ठाण्या-कल्याणच्या चिखलानं हे डोकं घडवलेलं नाही. आपली खाडी गेल्या काही हजार वर्षांतली. मुशीच्या घराण्याची घडण त्याच्या कितीतरी आधीची, दुसऱ्याच किनाऱ्यांवरची, दुसऱ्याच गाळातली. समुद्र पुन्हा चढला, उल्हासच्या खोऱ्यात खारं पाणी शिरलं, आणि चपट्या डोक्याच्या मुशी तयार हत्यार घेऊन त्यामागून आल्या. दुर्गाडीखालची नाव या खाडीसाठी बांधली गेली. मुशीला ही खाडी फक्त मानवली.

पुढच्या शतकांवरून भराभर या. 1838 मध्ये बर्लिनच्या म्यूलर आणि हेन्ले या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी या मुशीला स्कोलिओडॉन लॅटिकॉडस हे नाव दिलं. 1854 च्या मे महिन्यात रेल्वे ठाण्याहून खाडी ओलांडून कल्याणला पोचली. 1928 मध्ये लखनौहून थिल्लयमपलम यांचं स्कोलिओडॉनवरचं पुस्तक निघालं आणि देशभरातल्या कॉलेजांत शार्क म्हणजे स्कोलिओडॉन असं समीकरण झालं.

थांबा 1985 मध्ये. सकाळी डोंबिवलीहून गर्दीची लोकल पकडून तुम्ही ठाण्याच्या एका कॉलेजात आला आहात. बीएस्सी, प्राणिशास्त्र, प्रॅक्टिकलचा दिवस. फॉर्मलिननं डोळे चुरचुरताहेत. मेणाच्या ट्रेमध्ये तीच मुशी आहे, आता पांढुरकी आणि ताठ. आज डोक्याच्या नसा दाखवायच्या आहेत. सर सांगतात, नाकाडावरची कातडी हलक्या हातानं सोलायची. तुम्ही सोलता आणि खाली बारीक नळ्यांचे झुबके दिसतात, चिकट जेलीनं भरलेले. प्रत्येक नळी कातडीवरच्या एका छिद्राशी उघडते. लोरेंझिनीच्या कुप्या. स्टेफानो लोरेंझिनी या इटालियन वैद्यानं 1678 मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा त्या कशासाठी आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. 1971 मध्ये कॅल्माइन या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की वाळूत पुरलेला, दिसत नसलेला, वास येत नसलेला मासा शार्क शोधून काढते ती त्या माशाच्या शरीरातून निघणाऱ्या क्षीण विजेमुळे. ती वीज टिपणाऱ्या या कुप्या.

हातातला चिमटा क्षणभर खाली ठेवा आणि या सोललेल्या नाकाडाकडे नीट बघा. एवढी रुंद जागा कशासाठी, याचं उत्तर तुमच्या ट्रेमध्ये आहे. वीज टिपणारी छिद्रं जितक्या रुंद पट्ट्यावर पसरलेली, तितका तळाचा मोठा भाग एका फेरीत तपासून होतो. पाण्याच्या प्रवाहानं डोक्याला चपटं होऊ दिलं, आणि चपट्या डोक्यानं ज्ञानेंद्रियांना जागा दिली. गेली काही वर्षं आपल्या कॉलेजांत ही विच्छेदनं बंद झाली आहेत. मुशींच्या दृष्टीनं ते बरंच झालं. पण त्याबरोबर ठाणे-कल्याणच्या मुलामुलींचा या डोक्याशी असलेला एकमेव परिचयही संपला, आणि त्याची जागा अजून कशानं घेतलेली नाही याचं मला वाईट वाटतं.

नाळेची गोष्टही पुढे गेली आहे, तीही बघून घ्या. 8 डिसेंबर 1967. भारतीय नौदलात पहिली पाणबुडी दाखल होते आहे, नाव आयएनएस कलवरी. वाघशार्कवरून ठेवलेलं नाव. सोव्हिएत बनावटीच्या या पाणबुडीचं नाक अजून जहाजासारखं आहे, कारण बॅटऱ्या भरण्यासाठी तिला बराच प्रवास पाण्यावरून करावा लागतो. पाण्यावर ती ताशी 16 नॉट जाते, पाण्याखाली 15. आता पन्नास वर्षं पुढे या, 14 डिसेंबर 2017. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी आयएनएस कलवरी नौदलात येते. तिचं नाक गोल आहे, धार कुठेच नाही, मागचा भाग सावकाश निमुळता. पाण्याखाली ती ताशी 20 नॉट जाते, पाण्यावर मात्र त्याहून बरीच हळू. दुर्गाडीखालचा सुतार हे नाक बघून म्हणाला असता, ही नाव चालायची नाही. पाण्यावर ती खरंच नीट चालत नाही. ती मुशीच्या बाजूला गेली आहे.

तरी मुशीला मिळालेल्या मोकळिकीला किंमत नसते असं नाही. याच अरबी समुद्रात कानमुशी आहेत, हातोडीसारख्या डोक्याच्या. जनुकांच्या अभ्यासावरून त्यांचं घराणं सुमारे 2 कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं असं दिसतं, म्हणजे शार्कच्या हिशेबात अगदी अलीकडे. त्यांच्यातल्या एका जातीचं डोकं तर शरीराच्या लांबीच्या जवळजवळ निम्मं रुंद असतं. हे आडवं डोकं विमानाच्या पंखासारखं उचल देत असेल असं बरीच वर्षं मानलं जात होतं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी या डोक्यांच्या प्रतिकृती संगणकात उतरवून त्यांवरून पाणी वाहवलं. सरळ पोहताना उचल मिळत नाही, असं निघालं. डोकं थोडं जरी कललं तरी मात्र मोठा जोर तयार होतो, त्यामुळे वळणं चपळ होतात. आणि साध्या डोक्याच्या शार्कपेक्षा पाण्याचा अडथळा बराच जास्त. म्हणजे कानमुशी रोजच्या पोहण्यात जास्त बळ खर्च करते आणि त्याच्या बदल्यात चटकन वळण, लांब अंतरावरचे डोळे-नाकपुड्या आणि वीज टिपणारा रुंद पट्टा मिळवते. तिच्या डोक्याच्या पुढच्या कडेला नाकपुडीकडे जाणारी एक खाचही असते, ती पाणी गोळा करून आत पोचवते. 2016 मध्ये आणखी एक गोष्ट कळली. सर्वांत मोठी कानमुशी चक्क कुशीवर कलून पोहते, 50 ते 75 अंशांनी, आणि पाठीवरचा उंच पर आडवा करून त्याचा उपयोग उचल मिळवायला करते. त्यानं पोहण्याचा खर्च कमी होतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. इतकी वर्षं लोकांनी हा मासा पाहिला, आणि तो कसा पोहतो हे कळायला 2016 साल उजाडावं लागलं.

तिसरं डोकं बुल शार्कचं. ते बघायला फेब्रुवारी 2024 मध्ये मनोरला चला, वैतरणेच्या काठी. हा भाग 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. समुद्रापासून इतक्या आत एका तरुणाच्या पायाला मोठ्या शार्कनं चावा घेतला आणि सगळीकडे खळबळ उडाली. बातम्यांत तिची ओळख बुल शार्क अशी आली. ही जात गोड्या पाण्यातही राहू शकते, नद्यांत खूप आतवर जाते. तिचं नाकाड आखूड, रुंद आणि बोथट. आतापर्यंत इतकं पाणी बघून आल्यावर तुम्हाला त्या बोथटपणाचं आश्चर्य वाटणार नाही. मागचं शरीर पाण्याला धरून ठेवतं आहे, तोवर पुढे एवढा मोठा जबडा वागवणं तिला परवडतं.

आता आजच्या तारखेला या. ठाण्याच्या खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण वालधुनी नदीतून आणि डोंबिवलीच्या कारखान्यांच्या बाजूनं उल्हासच्या खाडीत काय काय येतं हे तुम्हाला रोजच्या वासावरून ठाऊक आहे. जिचं पोहणं हेच हुंगणं, तिच्या नाकपुड्यांतून हे पाणी सारखं वाहतं. खोल समुद्रात कानमुशींची स्थिती याहून वाईट आहे. सर्वांत मोठी कानमुशी आणि आपल्या बंदरांवर येणारी नक्षीदार कडेची कानमुशी, दोन्ही जाती जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदल्या गेल्या आहेत.

बाजारात मुशी मोरी या नावानं येते, ती बहुतेकदा डोकं तोडून, तुकडे करून. पुढच्या वेळी कल्याणच्या किंवा ठाण्याच्या मासळी बाजारात गेलात तर कोळणीला म्हणा, "मावशी, तोडायच्या आधी डोकं दाखवा जरा." तिला त्या डोक्याबद्दल पुस्तकांपेक्षा जास्त माहिती असेल, विचारलंत तर ती सांगेलही. मुलं बरोबर असतील तर त्यांना नाकाडाखालची छिद्रं दाखवा, बोट फिरवू द्या. आणि डोकं हातोडीचं असेल, किंवा मुशी वीतभर पिल्लू असेल, तर ती घेऊ नका.